उशिराचा पत्ता

‘सर्व्हर डाऊन आहे.’ गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठीत जी नवी वाक्यं रुळली, त्यांत हे वाक्य बहुधा सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलं असेल. बँकेच्या खिडकीवर, रेशनच्या दुकानात, सातबारा काढताना, पीकविम्याचा अर्ज भरताना ते कानावर येतं. पूर्वी ‘साहेब रजेवर आहेत’ या वाक्याला जो मान होता, तो आता याला आहे. आमचं चौसाळा बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या महामार्गावरचं गाव. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं सकाळी कामासाठी येतात, हे तीन शब्द ऐकतात आणि दुपारच्या उन्हात परत फिरतात. एका दिवसाची मजुरी बुडालेली असते, आणि ती कुणामुळे बुडाली हे त्यांना कळलेलं नसतं.

मित्रहो, मी कलाशाखेचा पदवीधर, कवितेत रमणारा माणूस. पण शब्दांशी खेळणाऱ्याला शब्दांचा संशय येतोच. बंद असणं आणि मंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिडकीवर बहुतेक वेळा काही तरी मंद झालेलं असतं आणि आपण त्याला बंद म्हणतो. मंद झालं असेल तर ते कुठं तरी मंद झालं असणार. म्हणजे उशिराला पत्ता असतो. संगणकाच्या जगात हा पत्ता शोधणाऱ्या माणसांचा एक मोठा इतिहास आहे. आज तो तुम्हाला सांगायचा आहे.

संगणकाच्याही आधीपासून सुरुवात करू. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तार टाकून झाली. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या अध्यक्षांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला. तो पोहोचायला सोळा तास लागले. तार मंद चालत होती. कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे मूळचे शल्यवैद्य. त्यांनी इलाज केला तो जोराचा: तारेत सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब सोडला. काही आठवड्यांत ती तार कायमची मुकी झाली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की इतक्या लांब तारेत विजेचे ठोके एकमेकांत मिसळून पसरट होतात, आणि लांबी दुप्पट झाली की उशीर चौपट होतो. त्यांचं म्हणणं असं की जोर वाढवू नका, ऐकणारं यंत्र नाजूक करा. त्यांनी इवल्याशा आरशाचं असं यंत्र बनवलंही होतं. पुढे त्यांच्याच वाटेने गेल्यावर सागरी तारा टिकल्या आणि १८७० मध्ये मुंबई समुद्राखालून लंडनशी जोडली गेली. मंद झालेल्या गोष्टीला कारण न विचारता हाणलं तर ती बंद पडते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

या तारेच्याच कुळातलं यंत्र म्हणजे टेलिप्रिंटर. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पीटीआयच्या बातम्या खडखडत उतरवणारं हे यंत्र जुन्या पत्रकारांना आठवत असेल. १९६३ मध्ये अमेरिकेत टेलिटाइप कंपनीचं मॉडेल ३३ बाजारात आलं. ते सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. संगणकाशी बोलायला हेच यंत्र स्वस्त पडलं आणि त्याला नाव मिळालं टर्मिनल. टर्मिनल म्हणजे शेवटचं टोक, आपल्या एसटीच्या शेवटच्या थांब्यासारखं. एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला यंत्र.

त्या काळी संगणक खोलीभर मोठे आणि फार महाग. त्यामुळे एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटून द्यायची कल्पना पुढे आली. अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांनी १९६१ मध्ये तिचं प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी फारशा वापरात नसलेल्या एका छोट्या संगणकावर एक कार्यप्रणाली लिहायला घेतली. डेनिस रिची त्यांच्या सोबत होते. तिचं नाव युनिक्स. आज जगातले बहुसंख्य सर्व्हर ज्यावर चालतात ते १९९१ चं लिनक्स याच घराण्यातलं आहे आणि तुमच्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच आहे. युनिक्सच्या बऱ्याच आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या असतात. यादी दाखव म्हणायला ‘एल एस’, नक्कल कर म्हणायला ‘सी पी’. सेकंदाला दहा अक्षरं छापणाऱ्या यंत्रावर लांब शब्द कोण टंकत बसणार?

आता एक गंमत. टर्मिनलवर आपण ‘अ’ दाबतो आणि पडद्यावर ‘अ’ उमटतो. आपल्याला वाटतं, बोटानेच तो उमटवला. पण बहुतेक वेळा तसं नसतं. ते अक्षर तारेवरून दूरच्या यंत्राकडे जातं, यंत्र ते वाचतं आणि परत पाठवतं, तेव्हा ते दिसतं. विहिरीत हाक मारावी आणि आपलाच आवाज परत यावा, तसं. आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलं की कळ दाबल्यापासून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात प्रतिसाद दिसला पाहिजे, आणि यंत्राशी चाललेल्या संवादात दोन सेकंदांहून जास्त खंड पडला तर माणसाच्या विचाराचा धागा तुटतो. ‘टर्मिनल हळू चालतंय’ ही तक्रार म्हणजे हाक जाऊन परत यायला वेळ लागतोय. या जाण्यायेण्याच्या वाटेवर उशीर कुठं होतो, एवढंच शोधायचं असतं.

शोध नेहमी आपल्या हातापासून सुरू करावा. लिनक्सच्या टर्मिनलवर ‘कंट्रोल’ची कळ दाबून ‘एस’ दाबला तर पडदा गोठतो. काहीही टंका, काही उमटत नाही. नवखा माणूस समजतो, यंत्र अडकलं. खरं म्हणजे आपणच त्याला ‘थांब’ म्हटलेलं असतं. ‘कंट्रोल’ आणि ‘क्यू’ दाबलं की सगळं पुन्हा वाहू लागतं. ही खूण आली टेलिटाइपच्या काळातून. भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून मजकूर भराभर येऊ लागला आणि घेणाऱ्याला तो झेपेना, की पट्टी थांबवायची एक खूण होती आणि चालू करायची दुसरी. पट्ट्या गेल्या, यंत्रं भंगारात गेली, खुणा मात्र राहिल्या.

हात निर्दोष निघाला की यंत्राकडे वळावं. महाराष्ट्राने हा अनुभव बँकांत घेतला. बँकांत यंत्रं आणण्याबाबत कर्मचारी संघटनांशी १९८३ मध्ये करार झाला. १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला. त्याच दशकात बँकांसाठी युनिक्सवर चालणारी यंत्रं घेण्याचं धोरण ठरलं आणि देशी कंपन्या तशी यंत्रं बनवू लागल्या. नव्वदीच्या दशकात अनेक शाखांत आतल्या वातानुकूलित खोलीत एक यंत्र आणि बाहेर प्रत्येक खिडकीवर हिरव्या अक्षरांचं टर्मिनल, असं चित्र असायचं. टर्मिनलला स्वतःची अक्कल नसे, सगळा विचार आतलं यंत्र करायचं. अशा तारेतून साधारण सेकंदाला ९६० अक्षरं जात. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी, म्हणजे १९२० अक्षरांचा भरलेला पडदा, यायला दोन सेकंद लागत. हा उशीर तारेचा. पण एखाद्या दिवशी व्याज काढण्याचं मोठं काम आत सुरू असेल, तर सगळ्याच खिडक्या एकदम मंद होत. हा उशीर यंत्राचा.

एकच खिडकी मंद आहे की सगळ्या, या साध्या प्रश्नाने अर्धा शोध संपतो. उरलेल्या अर्ध्यासाठी युनिक्सकडे ‘अपटाइम’ नावाची आज्ञा आहे. ती तीन आकडे दाखवते: गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांत यंत्रापुढे कामांची सरासरी रांग किती होती. पहिला आकडा मोठा आणि तिसरा लहान असेल तर गर्दी वाढतेय. उलट असेल तर ओसरतेय. रांगेतल्या माणसालाही नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं. आणखी एक आज्ञा आहे, तिचं नावच ‘नाइस’. जे काम घाईचं नाही त्याला ती सांगते, बाबा, जरा सज्जनपणे वाग, इतरांना पुढे जाऊ दे. व्याजाचं काम ‘नाइस’ने चालवलं तर ते थोडं उशिरा संपतं, पण खिडकीवरच्या म्हातारीला ताटकळावं लागत नाही.

कधी दुखणं आणखी खोल असतं. यंत्राची मेमरी म्हणजे किराणा दुकानदाराच्या हाताशी असलेली फळी, आणि डिस्क म्हणजे मागचं गोदाम. गिऱ्हाइकं वाढली, फळी अपुरी पडली, की दुकानदार एक डबा गोदामात ठेवून दुसरा आणत राहतो. दिवसभर पळतो आणि विक्री शून्य. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेचा अभ्यास मांडला. तिला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. तिच्यातून दिसलं ते असं की यंत्र हळूहळू मंद होत नाही, एका मर्यादेनंतर एकदम कोसळतं. उपाय दोनच: फळी वाढवा, नाही तर एका वेळी आत घ्यायची गिऱ्हाइकं कमी करा. जास्त कामं कोंबून जास्त काम होत नाही.

यंत्रही धडधाकट असेल तर मग रस्ता बघायचा. आपल्याकडे हा रस्ता १९८६ मध्ये अर्नेट या प्रकल्पाने सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईच्या जुहूची एनसीएसटी ही संस्था होती. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेशी थेट जोडणी झाली. तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे बँकेतल्या एका टर्मिनलच्या तारेइतका. तेवढ्या पायवाटेवरून देशातल्या संशोधकांची परदेशी पत्रं जात-येत होती.

रस्त्यात अडलंय कुठं, हे कळावं म्हणून डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस या अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतल्या माणसाने एका संध्याकाळी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी जशी आवाज सोडून प्रतिध्वनी मोजते, तसा हा दूरच्या यंत्राला हाक मारतो आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागला ते सांगतो. त्याचं नाव ‘पिंग’. मूस २००० मध्ये रस्ता-अपघातात गेले, पण त्यांची हाक आजही जगभर रोज मारली जाते. काही वर्षांनी व्हॅन जेकबसन यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांचा ‘ट्रेसराउट’ म्हणजे एसटीच्या टप्प्यांचा हिशेब. पहिल्या पाकिटाला एकाच टप्प्याचं तिकीट, दुसऱ्याला दोन टप्प्यांचं, तिसऱ्याला तीन. तिकीट संपलं तिथला कंडक्टर पाकीट उतरवतो आणि ‘इथं उतरवलं’ अशी चिठ्ठी परत पाठवतो. चिठ्ठ्या जोडल्या की सगळा मार्ग आणि सहसा अडलेलं गावही दिसतं.

पण कधी रस्ता मोकळा असूनही गाडी निघत नाही. मोटारी बनवणाऱ्या फोर्डच्या एका शाखा-कंपनीत जॉन नेगल काम करत होते. त्यांच्या ध्यानात आलं की टर्मिनलवरचं एक अक्षर पाठवताना त्यावर पत्त्याची चाळीस अक्षरं चिकटवावी लागतात. एका सवारीसाठी चाळीस माणसांची गाडी. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी उपाय मांडला: आधीच्या पाकिटाची पोच येईपर्यंत नवी अक्षरं गोळा करा आणि मग एकदम पाठवा. आमच्याकडची काळी-पिवळी जीप हेच तर करते. भरल्याशिवाय हलत नाही. रस्त्यावरची गर्दी कमी झाली. मात्र पलीकडच्या यंत्रालाही दुसऱ्या कुणी तरी काटकसर शिकवली होती, की पोच लगेच देऊ नको, जरा थांब, एखाद्या उत्तरासोबतच दे. म्हणजे इकडची जीप पोचेसाठी थांबलेली आणि तिकडची पोच सवारीसाठी थांबलेली. लखनौचे दोन नवाब ‘पहले आप, पहले आप’ करत राहिले आणि गाडी निघून गेली, तो किस्सा तुम्ही ऐकला असेलच. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणे, पण एकत्र आले की टर्मिनल अडखळतं. दोन खात्यांतल्या फायलींचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रसंग १९८६ च्या ऑक्टोबरचा. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर अवघं चारशे यार्ड. त्या वाटेचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकाएकी ४० बिटांवर आला. म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं, १९६३ च्या टेलिटाइपच्याही निम्मी. तार तुटली नव्हती, यंत्रं बंद नव्हती. जेकबसन यांनी शोध घेतला तेव्हा दिसलं, की पोच यायला उशीर झाला की प्रत्येक यंत्र घाबरून तेच पाकीट पुन्हा पाठवत होतं. त्यामुळे गर्दी वाढे, गर्दीमुळे आणखी उशीर होई, आणि उशिरामुळे पुन्हा पाकिटं. अधीरपणानेच रस्ता तुंबला होता. जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी १९८८ मध्ये उपाय जगापुढे ठेवला: सुरुवातीला थोडं पाठवा, पोच आली की वाढवा, पाकीट हरवलं की माघार घ्या. बर्कलीच्या युनिक्समधून हा शिष्टाचार सगळीकडे गेला आणि त्याच्यावरच पुढचं इंटरनेट उभं राहिलं. पीकविम्याच्या मुदतीच्या शेवटच्या रात्री एकाच वेळी हजारो बोटं तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतात, तेव्हा १९८६ चीच गोष्ट नव्याने घडते. मात्र त्या शेतकऱ्याच्या अधीरपणाला दोष देता येत नाही. मुदत त्याने ठरवलेली नसते.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यातलं विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं खातं होतं ‘शेल’ खातं. त्यात चित्रं नाहीत, फक्त अक्षरं. घरचा संगणक नुसतं टर्मिनल होई आणि प्रत्येक अक्षर टेलिफोनच्या तारेतून निगमच्या युनिक्स यंत्राकडे जाऊन परत येई. मुंबईकराला तो स्थानिक फोन होता, आमच्या बीडकडच्या माणसाला एसटीडी. म्हणजे उशिराचं बिल मिनिटावर लागणार. सुरुवातीचे महिने तक्रारींनी गाजले. फोन लागत नव्हते, लागले तर तुटत होते. निगमचे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी तयारी कमी पडल्याचं पुढे जाहीरपणे मान्य केलं आणि मग दुरुस्त्या सुरू झाल्या. चूक कुठं आहे हे सांगणारा अधिकारी मिळाला की अर्धं काम होतं, ते असं.

आणखी एक उशीर सांगायचा राहिला, तो नावाचा. दूरच्या यंत्रात शिरताना दारात दहा-वीस सेकंद थांबावं लागतं आणि आत गेल्यावर सगळं झपाझप चालतं, असा अनुभव अनेकांना येतो. पूर्वी नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच यादीत असत. एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे ती सांभाळायचं काम होतं. यंत्रं वाढली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावं शोधायची नवी व्यवस्था बसवली. आता दारावरचं यंत्र येणाऱ्या पाहुण्याचा क्रमांक बघतं आणि विचारत बसतं, ‘कोण गावचं पाव्हणं?’ नाव सांगणारा सर्व्हर गप्प राहिला की पाहुणा उंबऱ्यावर ताटकळतो. त्याचा काही गुन्हा नसतो. रस्ता चांगला असतो, यंत्रही मोकळं असतं. दारात नाव विचारलं की काहींना जास्त वेळ थांबावं लागतं, हे काही फक्त यंत्रांच्याच जगात घडत नाही.

कधी कधी कानावर येतं की मराठीत काम केलं म्हणून संगणक मंद होतो. हाही चुकीचा पत्ता. १९९२ मध्ये त्याच केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासोबत न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एक पद्धत आखली. तिला यूटीएफ-८ म्हणतात. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि आपल्या अक्षराला किंवा मात्रेला तीन. ‘मराठी’ हा शब्द पंधरा बाइटांचा होतो. टेलिटाइपच्या काळात तो पाठवायला दीड सेकंद लागला असता. आजच्या तारेला तो जाणवतसुद्धा नाही. उशीर दुसरीकडे असतो आणि आळ भाषेवर येतो.

तेव्हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी आपला हात, मग यंत्र, मग रस्ता, मग नाव. प्रत्येक ठिकाणी विचारायचं की सगळ्यांचंच अडलंय का एकट्याचं, सुरुवातीलाच अडतंय का सतत, आणि वाढतंय का ओसरतंय. हे प्रश्न विचारायला अभियंता असावं लागत नाही. शेताला पाणी कमी येतंय म्हटल्यावर शेतकरी मोटारीपासून पाइपाच्या जोडापर्यंत हेच करत जातो.

खिडकीमागचा कारकून बिचारा बहुतेकदा आपल्याइतकाच अंधारात असतो. त्याच्यावर चिडणं म्हणजे व्हाइटहाउससारखा दाब वाढवणं. पण ज्यांच्या हातात व्यवस्था आहे, त्यांना आजचा उशीर नेमका कुठं आहे हे काही क्षणांत कळू शकतं. साधनं चाळीस-पन्नास वर्षांपासून तयार आहेत, आणि बहुतेक फुकट आहेत. मग ते खिडकीवरच्या फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? काय अडलं आहे, कधीपासून अडलं आहे, गर्दी वाढतेय की ओसरतेय, आणि आज थांबावं की उद्या यावं. एवढ्या चार ओळी वाचून वाडीवरून आलेला माणूस आपला दिवस कसा घालवायचा ते ठरवील. कामाला उशीर होतो हे तो आजवर सोसत आला आहे. तो का होतो, हे निदान त्याला कळायला हवं.